अस्वल मिळेपर्यंत चिठ्ठी उघडायची नाही

८ मे २००६. अँकरेज एअरपोर्ट.
नवी वही. मराठीत लिहितोय, कारण देवला (धाकटा भाऊ, पक्का चोंबडा) मराठी वाचता येत नाही.

परिस्थिती अशी. मोरेश्वरकाका, म्हणजे रुचाचे बाबा, रिटायर झाले आणि त्यांनी अलास्कात जाऊन ब्राउन बेअर मारायचं ठरवलं. म्हणतात, आयुष्यभर फार्मा कंपनीत गोळ्या केल्या, आता एक झाडायची आहे. हा जोक त्यांनी विमानात तीन गोऱ्यांना सांगितला. इंग्रजीत तो लागत नाही.

काकांना डायबेटिस. शोभनाकाकू म्हणाल्या, एकट्यानं जायचं नाही. मग मॉरिसव्हिलच्या अख्ख्या मराठी मंडळात मे महिन्यात रिकामं कोण, असा प्रश्न आला आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. लोकांना वाटतं, कॉलेज सोडलेला पोरगा, बॅगा उचलायला बरा. पण जावई पारखायची हीच पद्धत असते.

फेब्रुवारीत रुचा म्हणाली होती, "चारू, तू एकही गोष्ट पूर्ण करत नाहीस. कॉलेज नाही, गिटार नाही. ड्रायव्हिंगचा क्लाससुद्धा नाही." काल एअरपोर्टवर तिनंच माझ्या हातात एक स्टीलचा डबा दिला. आत बेसनाचे लाडू, तीस. म्हणाली, "बाबांना दिसू देऊ नकोस हं. आत चिठ्ठी आहे." पुढेही बरंच काही बोलली, पण तेव्हा मी ऐकण्याच्या अवस्थेत नव्हतो.

संकल्प: ही शिकार पूर्ण करायची. अस्वल मिळेपर्यंत चिठ्ठी उघडायची नाही. लाडू रोज एक.

९ मे. केबिन.
छोट्या विमानानं एका तळ्याकाठी सोडलं आणि विमान गेलं. परत येणार एकवीस तारखेला. प्लायवूडची केबिन, तीन बंक, एक स्टोव्ह. संडास बाहेर, चाळीस पावलांवर.

गाईडचं नाव लॉइड. साठीचा. दिवसाला वीस शब्द बोलतो, त्यातले बारा नियमांचे. ज्याला वास येतो ते केबिनमध्ये ठेवायचं नाही, सगळं खाणं लांबच्या शेडमधल्या लोखंडी ड्रममध्ये. विमानातून उतरलेल्या दिवशी शिकार करायची नाही, तसा कायदाच आहे.

डबा माझ्या बंकखाली. तो खाण्यात मोडत नाही. तो पर्सनल आहे.

लाडू: चार खाल्ले. प्रवासाचा थकवा.

१० मे.
सीझन उघडला. पहाटेपासून एका टेकाडावर बसून दुर्बिणीतून समोरचा डोंगर बघितला. चौदा तास. लॉइड म्हणाला, अस्वलाची शिकार म्हणजे बसणं. अरे, पन्नास मिनिटं बसवत नाही म्हणून तर मी कॉलेज सोडलं!

तीनदा अस्वल दिसल्याचं जाहीर केलं. तिन्ही वेळा तो एकच खडक निघाला. त्याला आता लॉइड 'चार्लीज बेअर' म्हणतो. चार्ली म्हणजे मी. काका पोट धरधरून हसले. सासऱ्याशी असं खेळीमेळीचं नातं असावं.

११ मे. दुपार.
सकाळी डिओ मारला म्हणून लॉइडनं मला वाऱ्याच्या उलट बाजूला, एकट्याला बसवलं. म्हणे, दोन मैलांवरच्या अस्वलालाही कळेल तू आलायस ते. माझं डोकं सटकलं. काकांना स्पष्ट सांगितलं, जिथे मान नाही तिथे मी एक मिनिट थांबत नाही. केमिस्ट्रीच्या प्रोफेसरलाही हेच सांगितलं होतं. केबिनवर येऊन सॅक भरली आणि निघालो.

संध्याकाळ.
परत आलो. पुढे तळं लागतं. शिवाय काकांना गोळ्या कोण देणार?

१३ मे.
पाऊस. आडवा. टेकाडावर तसेच बसलो. काका छत्री आणायला हवी होती म्हणाले, तर लॉइडनं त्यांच्याकडे असं बघितलं की काकांनी विषयच बदलला.

लाडू उरले सतरा. कारण उंची. उंचीवर भूक जास्त लागते. (टेकाड चारशे फूट आहे.)

१५ मे.
आज काका मोकळेपणानं बोलले. म्हणाले, "काय रे, पुढे काय करायचं ठरवलंयस?" मी म्हणालो, मोठं काहीतरी. त्यांनी दुर्बीण खडकाकडे वळवली. मग म्हणाले, जाताना अँकरेजला शंतनू म्हणून एकजण न्यायला येणार आहे, फार गुणी मुलगा, तेल कंपनीत इंजिनियर. "तूही त्याच्याशी बोल जरा, चार गोष्टी कळतील."

म्हणजे माझ्या नोकरीची सोय लागतेय! आधी नोकरी, मग लग्न. काका पद्धतशीर माणूस.

आनंदात तीन लाडू.

१७ मे.
अस्वल आलं. खरं. तपकिरी, गोदरेजच्या कपाटाएवढं. दोनशे यार्डांवर. काका पालथे पडून नेम धरत होते. दोन वर्षं रेंजवर प्रॅक्टिस केलीय त्यांनी या एका क्षणासाठी. श्वाससुद्धा रोखला होता. मला वाटलं, त्यांना दिसलंच नाहीये.

म्हणून मी ओरडलो, "काका, अस्वल!"

अस्वलानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि ते गेलं. इतकं मोठं जनावर इतकं जोरात पळतं, हे मला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. काका एवढंच म्हणाले, "चारू, उद्यापासून तू केबिनवर बस. आणि तोंड बंद ठेव, अगदी एकटा असलास तरी."

संकल्प: मौन.

१९ मे.
आज जे झालं ते सगळं लिहून ठेवतो.

सकाळी ते दोघं टेकाडावर गेले. मी एकटाच. लाडू उरले होते चार. डबा उघडाच राहिला, कारण लगेच परत येऊन एक खायचा होता. संडासात गेलो. पाच मिनिटांत केबिनचं दार मोडल्याचा आवाज. फटीतून बघितलं. कालचं नव्हे, परवाचंच अस्वल. मला तरी तेच वाटलं.

दोन तास संडासात. तोंडातून शब्द काढला नाही. माझा एक संकल्प पूर्ण झाला, याची कुणीतरी नोंद घ्यावी.

आवाज ऐकून ते दोघं आले. तेवढ्यात अस्वल बाहेर पडलं आणि अंगणात भर उजेडात उभं राहिलं. ऐंशी यार्ड. काकांनी बंदूक खांद्याला लावली. मी मनात साखरपुड्याची तारीखही ठरवली. आणि लॉइडनं हात घालून नळी खाली दाबली.

अस्वलाच्या तोंडात डबा होता.

इथे खाणं ठेवून अस्वल बोलावणं आणि मारणं हा गुन्हा आहे. मुद्दाम ठेवलं की वेंधळेपणानं, कोर्टात कोण सांगत बसणार, लॉइड म्हणाला. त्याचं लायसन्स जाईल. एका दमात एवढं बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं. अस्वलानं डबा टाकला, ओठ चाटले आणि ते रमतगमत निघून गेलं. काका ते दिसेनासं होईपर्यंत बंदूक खाली धरून उभे होते. त्यांच्याकडे बघवलं नाही.

डब्याच्या तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत चिठ्ठी तशीच होती. काकांनी मुलीचं अक्षर ओळखलं आणि मोठ्यानं वाचली.

"शंतनू, आईनं तुझ्यासाठी लाडू पाठवलेत. बाबांच्या हाती लागले असते तर तुझ्यापर्यंत पोचलेच नसते, म्हणून चारूकडे दिलेत. त्यालाही दोन दे. बिचारा फक्त बाबांच्या गोळ्यांसाठी एवढ्या लांब आलाय. जुलैत भेटूच. रुचा."

काकांनी चिठ्ठीची घडी घातली. विचारलं, "अस्वलानं किती खाल्ले?"

मी म्हणालो, सगळे.

काका म्हणाले, "आणि बेसन तुझ्या स्वेटरला लागलंय ते?"

२१ मे. अँकरेज.
शंतनू न्यायला आला होता. उंच आहे, पण तेवढंच. घरी नेऊन मुगाची खिचडी केली. वाईट नव्हती. दोनदा घेतली.

मी डबा दिला. रिकामा, एका बाजूनं चेपलेला, कडेला चार सुळ्यांची भोकं. वाटलं, आता चिडेल, मग मीही बघून घेईन. तर हा आनंदानं उडालाच. डबा टीव्हीवर मांडला, फोटो काढला, रुचाला ईमेल केला. तिचा लगेच फोन. स्पीकरवर. "ओ माय गॉड, खरे बेअरचे दात? फ्रेम करून ठेव तो!"

दोन आठवडे मी भिजलो. ट्रॉफी त्याच्या टीव्हीवर.

काकांनी उरलेल्या सीझनचं विचारायला लॉइडला फोन लावला. लॉइडनं विचारलं म्हणे, चार्ली येणार आहे का?

२९ मे. मॉरिसव्हिल.
मंडळाची पिकनिक. रुचा आपण होऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "थँक्स चारू, डबा शंतनूपर्यंत पोचवलास. सांगितलेलं काम पूर्ण केलंस हं."

पूर्ण केलंस! तिच्या तोंडून, माझ्याबद्दल, हा शब्द पहिल्यांदाच. म्हणजे अजून सगळं संपलेलं नाही.

तेवढ्यात शोभनाकाकू आल्या. रुचा-शंतनूचा साखरपुडा पंधरा जुलैला, घरचीच माणसं मदतीला हवीत म्हणाल्या. घरचीच! मी म्हणालो, काकू, वाढायला मी आहे. काकूंनी लांब कॅरम खेळत बसलेल्या काकांकडे बघितलं. काकांनी तिथूनच नकारार्थी मान हलवली.

मला पाणी द्यायचं काम मिळालंय. लाडू वाढायला धाकटा देव.