शेऱ्याचा रकाना

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

सापडली! सापडली एकदाची!

आज नवीन टीबी पेशंटची यादी हातात आली. सहा नावं. चौथं नाव — कृष्णाबाई बळवंत वैती, वय ६१, कोळीवाडा, धंदा मासेविक्री. मी तीनदा वाचलं. नितेश म्हणाला, "काय मॅडम, ओळखीची आहे का?" म्हटलं, नाही. असेल कुणीतरी.

कुणीतरी! माझ्या अक्षताची सासू आहे ती.

चार वर्षं होतील जूनमध्ये अक्षताला जाऊन. माझी धाकटी बहीण. एकोणतीस वर्षांची. टीबीनं गेली, आणि टीबी त्या घरात मिळाला तिला. लग्नात सगळ्यांनी ऐकलंय ती म्हातारी कशी खोकत होती ते. विचारलं तर म्हणे मिश्रीनं होतं. अक्षता लग्नाआधी ठणठणीत होती. थोडी बारीक झाली होती, पण ते डाएट! साडीत चांगलं दिसायचं होतं ना बाईसाहेबांना. मावशीकडे वाकोल्याला जाऊन ब्लाउज काय शिवून आणायची, चार चार फेऱ्या. आणि लग्नाला वर्ष होत नाही तर रक्ताची उलटी.

म्हातारीनं लपवलं आणि माझ्या बहिणीला दिलं. मला तेव्हापासून माहीत होतं. आज कागदावर आलं.

४ फेब्रुवारी

नितेशनं रिपोर्ट दाखवला. साधा टीबी नाही. साध्या गोळ्यांना दाद न देणारा. अक्षताला होता तोच! नितेश आमच्या हेल्थ पोस्टचा टीबीचा माणूस, त्याला सवय आहे शिकवायची. म्हणाला, "कुणीतरी गोळ्या मध्येच सोडल्या की असा हट्टी टीबी तयार होतो. मग तो घरात फिरतो."

मला सांगतो! तीन वर्षं आरोग्य सेविका म्हणून दारोदार हेच सांगत फिरतेय मी. दहिसरची एक गल्ली सोडलेली नाही.

म्हणजे म्हातारीनं कधीतरी गोळ्या अर्ध्यावर टाकल्या. आणि वर मुलाचं लग्न लावलं. थांब तू.

दुपारी गोळ्या न्यायला न आलेल्यांना फोन. सात फोन. दोघांनी उचललेच नाहीत. एक म्हणाली, "रॉंग नंबर." एका बाईनं तर सरळ, "तो इथे नाही राहत, परत फोन केलात तर बघा!" मागून त्याचाच खोकला ऐकू येत होता. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं — 'घरच्यांचं सहकार्य नाही.' खरं तर शिवी लिहायची होती. असल्या लोकांमुळे माणसं मरतात!

६ फेब्रुवारी

गेले तिच्या घरी. पिशवी खांद्याला लावून, मुद्दाम.

आमचा नियम आहे — पेशंटच्या घरी जाताना टीबीचं चित्र छापलेली पिशवी न्यायची नाही. शेजारी विचारलं तर सांगायचं, जनरल सर्व्हे आहे. नाव कुणाला कळता कामा नये. मी आजवर एकदाही मोडला नाही हा नियम. सुनांच्या माहेरीसुद्धा कळू दिलेलं नाही.

म्हातारी दारातच म्हणाली, "बाय, ती पिशवी आत घे." घेतली. घाई कुठे आहे मला?

किती वाळलीय. खोकला कधीपासून, विचारलं. म्हणे दोन महिने. तोंडावर खोटं! आधी कधी गोळ्या घेतल्या होत्या? "नाय." आणि मान खाली.

अक्षताची मुलगी, पूर्वी, शाळेतून आली. सहा वर्षांची झाली. अक्षताचंच नाक, अक्षताचंच कपाळ. मला बघून आजीच्या मागे लपली. माझी भाची, आणि त्या बाईच्या पदराला धरून उभी! तिचा बाप, कृणाल, बर्फाच्या गाडीवर असतो दिवसभर. म्हणजे पोर चोवीस तास हिच्या खोकल्यात.

म्हातारी म्हणाली, "माझा ऱ्हाऊ दे. पोरीला आधी तपास." मोठी आली काळजी करणारी! चहा ठेवला होता तिनं. मी शिवले पण नाही कपाला.

पूर्वीला मी घेऊन येणार. आणि हिला असं सोडणार नाही.

८ फेब्रुवारी

आईला सांगितलं. वाटलं, ती तरी माझ्यासारखी पेटून उठेल. पोटची पोर गेलीय बाईची! तर भाजी निवडता निवडता, "जाऊंदे गो अनू. गेलेला माणूस परत येवचा नाय."

म्हटलं, आई, तिनं मारलं आपल्या अक्षताला! तर म्हणे, "कोणी कोणाक मारूक नाय. तू गप रव." आणि उठून मोरीत गेली. भाजी तशीच. काय होतं कुणास ठाऊक हिला या विषयावर. चार वर्षं हेच.

तिला जमत नसेल माफ न करणं. मला जमतं.

९ फेब्रुवारी, रविवार

केलं!

सुट्टीचा दिवस. तरी युनिफॉर्मची साडी नेसले, मास्क लावला, पिशवी पुढे धरली — चित्र लोकांकडे करून. अकरा वाजता मासळी बाजार. रविवार, पाय ठेवायला जागा नाही. म्हातारी आपल्या ठरलेल्या जागेवर, खांबाला टेकून. समोर सुरमई, पापलेट, मांदेली. मास्क होता तिच्या तोंडावर, पण लोकांना वाटत असणार वासासाठी लावलाय. समोर चार गिऱ्हाइकं.

मी पाच हातांवरून ओरडले — "कृष्णाबाई वैती! टीबीच्या गोळ्या घेतल्या का आज? उद्या थुंकीचा डबा द्यायचाय, विसरू नका!"

सगळा बाजार वळला. खरंच! कोयते थांबले. एका बाईनं हातातलं पापलेट हळूच पाटीत परत ठेवलं आणि हात साडीला पुसले. शेजारच्या कोळणीनं आपली पाटी दीड हात सरकवली.

मला वाटलं, शिव्या घालेल. कोळीण आहे, बाजार दणाणून सोडेल. मी तयारीनं गेले होते, तोंडात उत्तरं तयार होती. तिनं फक्त पदर तोंडावर घेतला आणि म्हणाली, "घेतल्या बाय."

बस. एवढंच.

घरी येऊन दोन वाट्या भात जास्त जेवले.

११ फेब्रुवारी

आज बाजारातून मुद्दाम वळसा घालून आले. खांबापाशी कोणी नव्हतं. बाजारातला दुसरा एक बर्फवाला म्हणाला, बायकांनी तिला सांगितलं, बरी हो मग ये. बरी व्हायला दीड वर्ष लागेल. झकास.

नितेशच्या कानावर गेलंय. "मॅडम, तुम्ही असं केलंत? तुम्ही?" म्हटलं, तुझी बहीण गेली का कधी? 

१२ फेब्रुवारी

शाळेत पूर्वीच्या शेजारी बसणाऱ्या मुलीला तिच्या आईनं उठवून दुसऱ्या बाकावर बसवलं. व्हॅनवालासुद्धा नको म्हणाला. मला शाळेजवळच्या सर्व्हेला कळलं.

हे मी नव्हतं धरलं. पण म्हातारीमुळेच ना? तीच जबाबदार. पूर्वी माझ्याकडे आली की शाळाच बदलू.

१४ फेब्रुवारी

घराला कुलूप. शेजारीण दार न उघडता म्हणाली, "गेले." कुठे? माहीत नाही.

म्हातारीच्या गोळ्या फक्त बुधवारपर्यंतच्या होत्या. म्हणजे कालपासून बंद. पूर्वीची तपासणीच झालेली नाही.

कृणालला फोन केला. लग्नापासून मला 'ताई' म्हणतो, कधी आवाज चढवून बोलला नाही. आजही नाही. म्हणाला, "आई इथे राहत नाही. परत फोन करू नका, ताई." आणि कापला.

रकान्यात काय लिहू? पेन घेऊन बसले होते अर्धा तास. काही लिहिलं नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

बाजारातल्या त्या बर्फवाल्याकडून काढलं. अर्नाळ्याला बहिणीकडे गेलीय. मी निघाले. पिशवी घरी ठेवली, गोळ्या पर्समध्ये. पण खरं काय ते इथे लिहिते — गोळ्या द्यायला नाही गेले मी. पूर्वीला आणायला गेले. भांडायला गेले.

सुकट वाळत घातलेल्या अंगणात बसली होती. पूर्वी लांब, एकटी खेळत होती. म्हातारीनं तिला लांबच बसवलं होतं, ताट-तांब्या वेगळा. मी सुरू झाले. तोंडाला येईल ते बोलले. तू गोळ्या सोडल्यास, तू लपवलंस, माझ्या बहिणीला खाल्लंस, आता हिला खाणार!

ती आत गेली. प्लास्टिकची पिशवी आणली. अक्षताचे कागद. पूर्वीसाठी जपून ठेवलेत म्हणाली. त्यातून एक कार्ड काढून माझ्या हातात दिलं.

टीबीचं कार्ड. अक्षताचं. वाकोल्याचं, मावशीचा पत्ता. गोळ्या सुरू — ४ जानेवारी २०१७.

लग्न १९ फेब्रुवारीला होतं.

म्हणाली, "बांगड्यांच्या डब्यात घावला, रक्त पडला तवा. निम्म्या गोळ्या तशाच. मीच नेली तिला दवाखान्यात."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस? मी भर बाजारात... तेव्हा तरी बोलायचं होतंस!

"काय बोलू? सून माझी व्हती. तिचा नाव बाजारात घेऊ?"

मी गोळ्या काढून तिच्यापुढे ठेवल्या. तिनं तिथेच पाणी मागवून घेतल्या. माझ्याकडे बघितलं नाही. मी पण नाही.

म्हणजे तिच्याकडून अक्षताला नाही. अक्षताकडून तिला.

१६ फेब्रुवारी

आईसमोर कार्ड टाकलं.

आधी म्हणाली माका म्हायत नाय. मग रडली. मग सगळं. मावशीनंच नेलं होतं, दहिसरात कुणाला कळू नये म्हणून. ब्लाउजच्या फेऱ्या म्हणजे गोळ्यांच्या फेऱ्या! "दोनदा ठरान मोडलेला गो लगीन. तिसऱ्यांदा मोडला असता तर? मीयाच सांगितलंय तिका, आता बंद कर, लगीन होवंदे, मगे बघू."

मगे बघू!

चार वर्षं माझ्याशेजारी झोपते ही बाई. चार वर्षं मी म्हातारीला शिव्या घालतेय आणि ही ऐकून घेतेय. म्हटलं, मला का नाही सांगितलंस? म्हणे, "तुझ्या पोटात काय्येक ऱ्हवत नाय."

आज तिच्याशी बोलले नाही. उद्यापण बोलणार नाही.

१७ फेब्रुवारी

पण आई अडाणी. चौथी पास. तिला काय कळतं गोळ्या सोडल्या की काय होतं?

ज्यांना कळत होतं ते काय करत होते? वाकोल्याची आरोग्य सेविका झोपली होती का? पेशंट गोळ्यांना आली नाही तर घरी जायचं असतं, फोन करायचा असतो, पिच्छा पुरवायचा असतो! मी उन्हातान्हात हेच करते. एक फोन! एकानं जरी एक फोन घरी केला असता, मी उचलला असता. मला कळलं असतं. मी अक्षताला कानाला धरून गोळ्या दिल्या असत्या. लग्न गेलं खड्ड्यात.

नाही केला. कामचोर. आता मला नाव पाहिजे तिचं.

१८ फेब्रुवारी

नितेशकडून काढलं. चेतना म्हणून आहे. अजून तिथेच कामाला आहे! मजेत असेल. पेन्शनची वाट बघत.

तक्रार लिहून तयार ठेवलीय, दोन पानं. 'निष्काळजीपणामुळे माझ्या बहिणीचा मृत्यू.' हातानं लिहिली, लाल शाईनं अधोरेखित केली. तिच्या तोंडावर वाचणार, मग वर देणार. तिच्या हेल्थ पोस्टमध्ये, सगळ्यांसमोर. बघू दे लोकांना.

नितेश म्हणाला, "परत तेच, मॅडम?" हो. परत तेच.

२० फेब्रुवारी, गुरुवार

गेले वाकोल्याला.

चेतनाबाई पन्नाशीच्या, गुडघ्याला पट्टा. मी कोण ते सांगितलं नाही, फक्त कार्डाचा नंबर दिला. त्यांनी स्टुलावर चढून २०१७ चं रजिस्टर काढलं, धूळ झटकली, पान माझ्यापुढे धरलं. म्हणाल्या, "ही पोरगी लक्षात आहे माझ्या. फार गोड होती. खूप प्रयत्न केला हो."

तक्रार पर्समध्येच राहिली. शेऱ्याचा रकाना उतरवून आणलाय, जसाच्या तसा —

'१३ फेब्रु. — गोळ्या नेल्या नाहीत. घरी गेले, मावशी म्हणाली येईल.
१६ फेब्रु. — परत गेले. दार उघडलं नाही.
१८ फेब्रु. — बहिणीच्या नंबरवर फोन केला. हळद चालू होती, गाण्यांचा आवाज. दवाखान्यातून बोलतेय म्हटलं. बहीण म्हणाली, अक्षता आता इथे राहत नाही, परत फोन करू नका.'

खाली नंबर आहे. माझाच. अजून तोच आहे.

मला तो फोन आठवतसुद्धा नाही.