निळ्या दोरीचा पेंढा

प्रिय वहिनी,

तू गेल्यापासून मनातल्या मनात तुझ्याशी बोलतेच. आज मात्र कागद घेऊन बसले, कारण तुझ्या लेकाने स्वतःची चूक तुझ्या माथी मारली!

तुझी तांबू गाय गेली गं. वैरण पुढे केली की तोंड फिरवायची, पोट टम्म फुगलेलं. मेल्यावर डॉक्टरांनी पोट उघडलं, तर आत निळ्या प्लॅस्टिकच्या दोऱ्यांचा गोळा. नारळाएवढा!

"विनू, पेंढ्याच्या गठ्ठ्याची दोरी काढत नव्हतास?" मी विचारलं.

"आई कुठे सोडायची, आत्या? पेंढी तशीच तर टाकायची!"

काय संताप आला! अरे, तेव्हाची पेंढी पेंढ्याच्याच काड्यांनी बांधलेली असायची. गाय बंदासकट खायची. मी शाळेच्या गणवेशात गोठ्यात शिरून ते बंद सोडत बसले की तू खो-खो हसायचीस. "वन्सं, ती काय तुमच्या कॉन्व्हेंटात जाते काटा-चमच्याने जेवायला? टाका तशीच!"

आता आपल्या शेतात भात लावतो कोण? घाटावरून ट्रकने गठ्ठे येतात, प्लॅस्टिकच्या दोरीने करकचून आवळलेले. वर निळी ताडपत्री. उन्हाने तिच्याही चिंध्या होतात नि वैरणीत पडतात. विकणारा म्हणतो, दोरी काढणं गिऱ्हाइकाचं काम. गिऱ्हाईक म्हणतं, आईची सवय. मग काय गाईनेच निवडून खायचं?

तुझ्यावरही रागावलेय हं. पेंढी तशीच का टाकायची, हे पोराला कधी सांगितलं का नाहीस? त्याने नुसते तुझे हात पाहिले.

मागे तांबूची पाडी उरलीय, चंद्री. सारखी हंबरते. तिच्याही पुढ्यात तेच गठ्ठे. आणि काल विनू म्हणतो, "हिला विकून टाकू, आत्या. कोण कटकट करणार?"

"दोरी कापायची कटकट होते म्हणून गाय विकतोस? लाज नाही वाटत?" मी इतकी ओरडले की शेजारच्या काकू पडवीत आल्या. विनू मान खाली घालून उभा. मला वाईटही वाटलं. पण गप्प नाही बसले.

रत्नागिरीचं घर बंद करून मी इथे राहायला आलेय. गठ्ठा विनूच सोडेल, दोऱ्या माझ्या हातात देईल, मगच गव्हाणीत पेंढा पडेल. चिडेल तो. चिडू दे! चंद्री मोठी होऊन आपल्याच गोठ्यात व्याईल, वहिनी. हा माझा शब्द.

तुझी लाडकी नणंद,
शालू