प्रितमला काय सांगू?

आई, तुला आणि पप्पांना कवरत्ती बेटावरून जयभीम.

मी ठणठणीत आहे, रोज भात-मासे खाऊन जाड झालेय. तुझा गुडघा कसा आहे?

परवा प्रवाळ तपासायला समुद्रात उतरले आणि प्रवाहाने मला बोटीपासून लांब ओढलं. घाबरू नकोस, लागलं काहीच नाही. सोबत काम करणाऱ्या बिनॉयने पोहत येऊन मला परत आणलं. बोटीत बसल्यावरही मला त्याचा हात सोडवेना. "आयुष्यभर धरशील?" त्याने विचारलं. मी हात सोडला नाही.

संध्याकाळी प्रितमचा फोन आला. "चाकणच्या कंपनीत पर्मनंट झालो. निघोज्यातला फ्लॅट तुझ्या आईला दाखवला, त्यांना आवडला." कॉलेजपासून माझ्यासाठी थांबलाय गं तो. मी नुसतं "अभिनंदन" म्हणाले.

त्याचं काहीच चुकलं नाही, म्हणूनच जीव खालीवर होतोय. पण त्याला अंधारात ठेवणार नाही. पुढच्या आठवड्यात दापोडीला येते, समोर बसून मीच सांगेन. तोवर तू काही बोलू नकोस.

आणि स्टेशनवर त्याला पाठवू नकोस, पप्पांनाच पाठव. तो हसत माझी बॅग उचलेल आणि मग मला सांगवणार नाही.

तुझीच,
भाग्यश्री