एकतिसाव्या खेळीविषयी

आई, गेल्या रविवारी डोंबिवलीत ज्येष्ठांच्या बुद्धिबळ स्पर्धेत मी एक डाव जिंकला, आणि तेव्हापासून त्या डावाचा कागद समोर घेतला की मला शिसारी येते. तुला जाऊन अठ्ठावीस वर्षे झाली. पण ज्या माणसाला ही गोष्ट फोड करून सांगावी लागणार नाही, असे तुझ्याखेरीज मला कोणी भेटले नाही.

प्रथम वस्तुस्थिती. माझे प्रतिस्पर्धी शीळफाट्याजवळच्या एका गावातले, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. वाडवडिलांची भातशेती होती त्या जागी आता इमारती आहेत, आणि ते स्वतः दुपारभर गावच्या देवळाच्या ओट्यावर पट मांडून बसतात. बुद्धिबळाचे एकही पुस्तक त्यांनी उघडलेले नाही, तरी तीस खेळ्यांपर्यंत त्यांची बाजू माझ्यापेक्षा सरस होती. डाव सुरू होण्यापूर्वी त्यांनी मला विचारले की मी कॉलेजात काय शिकवीत असे. तर्कशास्त्र, असे सांगितल्यावर ते शेजारच्या टेबलाकडे वळून म्हणाले, "मेलो. आज वकिलांच्या पन मास्तरनीशी गाठ हाय." मला ते आवडले होते, हेही नोंदवून ठेवते.

एकतिसाव्या खेळीला मी घोडा उचलून पुढे ठेवला. माझ्या हत्तीवर त्यांच्या वजिराचा मारा होता, आणि हत्तीला आधार होता तो केवळ याच घोड्याचा. घोड्यावरून बोटे सुटली त्या क्षणी मला ते दिसले. हत्ती फुकट पडला होता. मी चेहरा हलू दिला नाही. खेळी कागदावर नोंदवली, पेनाला टोपण लावले, पाण्याचा घोट घेतला आणि हात मांडीवर ठेवले. ते अकरा मिनिटे विचार करीत राहिले. मग हत्तीला हातही न लावता त्यांनी राजा कोपऱ्यात नेला. जो हल्ला अस्तित्वातच नव्हता त्यापासून ते पळाले, आणि त्याच कोपऱ्यात सहा खेळ्यांत मी त्यांच्यावर मात केली.

इथपर्यंत मी दोषी नाही. मौन म्हणजे विधान नव्हे, आणि समोरच्याच्या भीतीचे निराकरण करणे हे खेळाडूचे कर्तव्य नव्हे. तूही हेच म्हणाली असतीस. तुझा नागपूरच्या निवृत्त स्टेशनमास्तरांशी पोस्टकार्डांवर चाललेला डाव मला आठवतो. स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर पट मांडलेला आहे, त्याला हात लावायची परवानगी घरात कोणालाही नाही, आणि पोळ्या लाटता लाटता तू मध्येच थांबून त्याच्याकडे पाहते आहेस. वागळे इस्टेटमधल्या कंपनीत टेलिफोनच्या बोर्डावर बसायला निघतेस तेव्हा उत्तराचे कार्ड तुझ्या पर्समध्ये असते. मधल्या सुट्टीत पुन्हा एकदा तपासल्याशिवाय ते पेटीत पडत नाही. एकदा त्यांनी चुकीचे घर लिहिले. शेजारचे घर म्हणायचे होते, हे कोणालाही कळले असते. त्या चुकीने त्यांचा वजीर जात होता. बाबा म्हणाले, एकदा विचारून तरी घे. तू म्हणालीस, "लिहिलं ते खेळलं," आणि वजीर मारलास. मात्र त्या कार्डाच्या तळाशी तू एक ओळ घातलीस, ती मी वाचली, कारण त्या दिवशी कार्ड पेटीत टाकायला तू मला दिले होतेस: हा वजीर मी जिंकलेला नाही, तुमच्या हातून पडला तो उचलला आहे. तेव्हा मला तो दुटप्पीपणा वाटला. घ्यायचे ते घ्यायचेच, आणि वर साळसूदपणा. पुढे कळले की घेणे आणि ते कसे मिळाले हे खरे सांगणे या तुझ्या लेखी दोन वेगवेगळ्या बाबी होत्या, आणि त्यांतली दुसरी अधिक महत्त्वाची होती.

ते मला तूच शिकवलेस, आणि सौम्यपणे नव्हे. ठाण्याला आंतरशालेय सामना जिंकून मी घरी आले, तुला डाव मांडून दाखवला आणि प्रत्येक खेळीमागचा विचार सांगत सुटले. तू कणीक मळत होतीस. हात न थांबवता विचारलेस, "हे आधी दिसलं की नंतर?" मी म्हटले, आधी. तू हात धुतलेस, कपाटातून एक कोरी वही काढून मला दिलीस आणि सांगितलेस की पटावर बसलेली असताना जे दिसले ते पेन्सिलने लिही, घरी येताना सुचले ते शाईने. शाईने पान भरले. पेन्सिलच्या जेमतेम दोन ओळी झाल्या. "बघ," तू म्हणालीस, "एवढीच तू होतीस."

माझा दोष सुरू होतो तो डाव संपल्यानंतर. पाच-सहा जण टेबलाभोवती जमले होते. माझ्या प्रतिस्पर्ध्यांनी सोंगट्या मागे नेऊन ती स्थिती पुन्हा मांडली आणि विचारले, "बाई, इथं हत्ती मारला असता त?"

त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. मी म्हटले, "मारायलाच ठेवला होता तो." आणि मी त्यांना खेळ्या दाखवल्या. उंट इथे, वजीर तिथे, चौथ्या खेळीला मात. तिसऱ्या पायरीला त्यांचे एक साधे प्यादे माझा उंट खाते आणि सगळा डोलारा कोसळतो, हे बोलत असतानाच मला दिसत होते. म्हणून मी तिथे हात भरभर चालवला. वर्गात एखादा मुद्दा लंगडा असला की आवाज जरा चढवून पुढे जावे, तसे. ते मान हलवत म्हणाले, "आपली नजर तिथवर जायची नाय." कोणीतरी टाळ्या वाजवल्या. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाच्या चिटणीसांनी उत्कृष्ट डावाचे बक्षीस मला जाहीर केले आणि स्मरणिकेसाठी विश्लेषण लिहून मागितले.

ते मी सोमवारी लिहिले. निष्कर्ष सत्य निघाला म्हणून युक्तिवाद वैध ठरत नाही, हे वाक्य मी छत्तीस वर्षे दरवर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहीत आले. आणि इथे मी जिंकले या सत्य निष्कर्षाखाली एकेक खोटे आधारविधान सरकवत होते, तेही सुबक अक्षरात. भाषा सफाईदार झाली होती. 'अर्थातच' हा शब्द मी तीनदा वापरला होता. एकतिसाव्या खेळीपुढे दोन उद्गारचिन्हे काढली होती, असामान्य खेळीपुढे काढतात तशी. आजवर नक्कल केलेले पेपर मी पुष्कळ पकडले, पण इतका नेटका एकही नव्हता.

काल संध्याकाळी मी माझ्या प्रतिस्पर्ध्यांना फोन केला, खरे सांगण्यासाठी. त्या खेळीविषयी बोलायचे आहे, एवढे म्हणते तोच ते हसले. "पोरानं त्याच दिवशी डाव मोबाईलवरच्या बुद्धिबळात टाकून बघितला, बाई. हत्ती मारला असता त डाव माझाच होता."

मी विचारले, मग चिटणीसांना का सांगितले नाही.

"जाऊ द्या ना. एवढ्या शिकलेल्या बाई, चारचौघांत तुमचं कशाला काढायचं? आमच्या ओट्यावर पन म्हातारी मानसं खेळी परत घेतात. आमी दुसरीकडं बघतो."

त्यांच्या आवाजात कुठेही टोमणा नव्हता.

आज सकाळी मी नवे विश्लेषण लिहिले. घोडचूक, हत्ती फुकट, प्रतिस्पर्ध्याने माझ्यावर ठेवलेल्या विश्वासामुळे डाव वाचला. आणि डाव संपल्यावर मी दाखवलेली मात खोटी होती. ते चिटणीसांच्या हातात देऊन बक्षीसही परत केले. एवढ्यावर थांबले असते तर हे पत्र बरे दिसले असते. पण हे कोणत्याच पेटीत पडायचे नाही, तेव्हा वरचे एक वाक्य दुरुस्त करते. मी त्यांना खरे सांगण्यासाठी फोन केला नव्हता. त्यांनी तो डाव कुठे तपासून पाहिला आहे का, एवढेच मला काढून घ्यायचे होते. ते नाही म्हणाले असते, तर सोमवारचाच मजकूर छापायला गेला असता.