राख चोळलेलं बी

१२ सप्टेंबर १९७१, रविवार
हे आले राहुरीच्या कालेजातनं. कंपनीच्या टेम्पोतनं, संगं पेरायचं यंत्र. दारात उतरवलं तर आख्खी आळी गोळा. ह्यांचे वडील, मामा, चारी बाजूनं फिरले, म्हनले, "आन् पाभरीच्या चाड्यावर बी सोडाया मूठ कुनी धरायची?" हे म्हनले, "कुनीच न्हाई. चाक फिरलं की आतली तबकडी फिरती, भोकातनं बी आपसूक नळीत पडतं." सासूबाई मला म्हनल्या, "जा आता म्हायेरी, तुजं मूठ धरायचं काम गेलं." हसले सगळे. मी बी.
माजी तान्ही सोनी चाकाला धरून उभी ऱ्हायली. पयल्यांदाच.
लई उपकार नगरच्या त्या कंपनीचे. ह्यांच्यासकट इंजनेरीच्या सा पोरांना वर्कशाप दिलं, लोखंड दिलं, शिकवाया जुना मिस्त्री दिला. नुसत्या पुस्तकावर कुटं यंत्र हुतंय? गुरवारी कंपनीचे सायब आमच्याच रानात बघाया येनार. पसंत पडलं तर शेवटच्या वर्साला बी वर्कशाप, आन् पास झाल्यावर तिथंच नोकरी. न्हाई पडलं तर मामांनी सांगून ठिवलंय, कालेज बास, घरी ये, औत धर.
मला भ्या वाटतंय.

१६, गुरवार
लिववत न्हाई.
सकाळी ह्यांनी काढून ठिवलेला बियाचा डबा उघडला तर बी कोरडंच. वाटलं इसरले. जुंधळा पेरायच्या आदी आमी गोमूत्र शिंपडून राख चोळतो, कनसात काळी भुकटी हुऊ ने म्हनून. दरसालचं माजंच काम. चोळलं. वाटलं, चांगलं केलं.
सायब जीपमधनं आले. बैल जुपले. पयल्याच फेरीत निम्म्या रानापत्तुर बी पडलं, मंग नळ्या रिकाम्या. ह्यांनी पेटीत हात घातला, भायेर काढला तर राखेनं बरबाटलेला, तबकडीची भोकं बुजलेली. माज्याकडं बघितलं नुसतं. मंग सायबाला म्हनले, "माझी चूक, साहेब. तबकडी नीट बसली न्हाई."
सायबानं वहीत कायतरी लिवलं. गेले.
मामा म्हनले, "ह्यापरीस माजी सून बरी. तिची मूठ आडकत न्हाई."
मी पदर तोंडात धरून उभी. चार मान्सांत तोंड उघडलं न्हाई. का न्हाई उघडलं

१७, शुक्करवार
हे म्हनले, "तुज्यावर राग न्हाई गं. मीच सांगाया पायजे हुतं." राग केला आस्ता तर बरं. धड जेवले न्हाईत, गेले राहुरीला.
मी चौथी शिकलेली. ही वही ह्यांनीच दिली, रोज चार वळी लिव म्हनले. त्या वळी आज कामाला आल्या. सायबाला कार्ड लिवलं. पत्ता यंत्राच्या पत्र्यावर हुता.
"सायबास नमस्कार. बी मी चोळलं. यंत्राची चूक न्हाई. ह्यांनी माजी चूक अंगावर घेतली. राग माज्यावर करा. सोनीची आई."
शेजारच्या काकू घोडेगावच्या बाजाराला निघाल्या, टपालात टाकाया त्यांच्याकडं दिलं. घरात सांगितलं न्हाई.

२८, मंगळवार
जीप आली. सायब, म्हातारा मिस्त्री, संगं हे. मामांना वाटलं यंत्र न्यायला आले.
सायब म्हनले, "सोनीची आई कोण?"
मामा माज्याकडं बघत्यात, मी जमिनीकडं. ह्यांचं तोंड हसरं, तवा कळलं ह्यांना ठावं हाय.
"चोळून दाखवा, वहिनी."
परात घिऊन आंगनात बसले. घाईनं निम्मी राख भायेरच सांडली. मिस्त्री म्होरं उकिडवा बसला, म्हनला, "सावकास पोरी, म्हातारा मानूस मी, डोळ्याला दिसू दे." हसू आलं, मंग हात चालला. शिंपडायचं किती, राख कसली, बी किती येळ वाळाया ठिवायचं, समदं इचारून घेतलं. सायब म्हनले, "आम्ही कारखान्यात कोरड्या बियांवरच मोजत होतो. शेतकरी असं पेरतो हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही." ह्यांना म्हनले, "दुसरी तबकडी करा. वर्कशॉप उघडं आहे, मिस्त्री तुमचाच. शनिवारी परत बघू."
नोकरीचं बोलले न्हाईत. मी इचारलं न्हाई. मला 'वहिनी' म्हनले एवढ्या मोठ्या मान्सानं.
जीप गेल्यावर मामा, "कार्ड लिवलंस? मला न इचारता?" मंग पायतान घालता घालता, "बरं केलंस."

१ ऑक्टोबर, शुक्करवार
मिस्त्री आन् हे नवी तबकडी घिऊन आले, दुपारधरनं कानस घासत्यात. भोक मोठं केलं तर बी दाट पडतंय, बारीक केलं तर आडकतंय. मिस्त्री ह्यांना पोटच्या पोरावानी शिव्या देतो. देव त्याला लई आविष्य देवो.
उद्या सायब येनार. मामांनी आमची जुनी पाभर सुदीक धुवून यंत्राशेजारी उभी केलीया.
ह्यांनी डबा माज्या हातात दिला. "उद्याचं बी तूच चोळ. आन् भिऊ नको." चोळलं. परातीत पसरून ठिवलंय. सोनी राखेनं भरली, तिला तशीच मांडीवर घिऊन बसलीया. मी घडीघडी बियाची मूठ भरून बघती, बोटांना चिकटतंय का. मगाशी जरा चिकटलं. आता सुटं पडतंय.