हेदरची तीन पिंपं

२४ ऑगस्ट
डोंगरावरून खुडून आणलेली हेदरची फुलं आज बिअरच्या उकळत्या काढ्यात घातली. दोन पोती. कोलमन म्हणाला, "अख्खी भट्टी मधासारखी दरवळतेय गं." मला नुसती वाफ लागली — गरम, ओली. फेब्रुवारीच्या आजारपणात वास गेला तो गेलाच, जाताना चवही घेऊन गेला. जिभेला गार कळतं, फेस कळतो, बास.

कोलमनशिवाय हे कोणाला माहीत नाही. बिअर करणारीलाच वास येत नाही म्हटल्यावर आमची बिअर कोण घेईल? तोच म्हणाला होता, "कोणाला बोलू नकोस, डिंप्ना. मी चाखेन, तुला सांगेन." नवरा असावा तर असा.

३१ ऑगस्ट
नीट आंबतेय. गोडीचे, तापमानाचे आकडे बरोबर. पण नुसत्या आकड्यांवर बिअर करायची म्हणजे डोळे बांधून स्वयंपाक.

७ सप्टेंबर
कोलमनने चाखली. डोळे मिटून कितीतरी वेळ उभा. मी विचारलं, कशी आहे? "थांब जरा." मग म्हणाला, "झक्कास. आधी मध, मागून किंचित कडू." मी तीनदा विचारलं, तो तीनदा तेच म्हणाला. पिंपं तोच भरणार आहे. उद्या मंगळवार — नेहमीसारखी मी बॅलिनाला आईकडे.

१९ सप्टेंबर
दुपारी अट्रॅक्टाच्या पबमध्ये आमच्या तीन नव्या बिअर गावाला चाखायला ठेवल्या. पाऊस होता, तरी बाकं भरली. काळी सगळ्यांना आवडली. मग हेदरची आली. अट्रॅक्टाने एक घोट घेतला, दुसरा घेतला आणि काउंटरवरूनच ओरडली, "काय गं, संत्र्याची साल घालायचं तुला सुचलं कसं? असल्या चोचल्यांना तू नाक मुरडणारी!"

मी संत्र्याची साल घातलेली नाही. आयुष्यात कधी घातलेली नाही.

खिडकीशी बसलेला एकजण म्हणाला, "हेदरचा पत्ता नाही, पण मजा आहे." मी हसले. दुसरं काय करणार? मला कळत नाही असं कसं म्हणू! कोलमनकडे पाहिलं तर तो ग्लास पुसत होता. अट्रॅक्टाचे ग्लास. ते काय त्याचं काम?

गाडीत विचारलं, "माझी बिअर कुठेय?" पूल ओलांडल्यावर तो म्हणाला, "बिघडली होती. ओल्या पुठ्ठ्यासारखी लागत होती. ओतून दिली." तो आपली वेगळी करायचा म्हणे, मागच्या खोलीत, मी आईकडे गेले की, आणि पिंपांत तीच भरायचा.

"कधीपासून?"

"एप्रिलपासून. तुला सांगायला जीव होईना."

म्हणजे काळीही माझी नाही. लोक मला शाबासकी देत होते आणि मी मान डोलवत होते. त्याच्या जिभेवर विसंबून राहिले, आणि ती जीभ रोज समोर बसून खोटं बोलत होती.

२० सप्टेंबर
भट्टीत गेले नाही. त्याने चहा आणून ठेवला. तसाच गार झाला.

२३ सप्टेंबर
राग उतरतोय. बिघडलेली बिअर माझ्या नावावर बाहेर गेली असती तर? त्याने माझी लाजच राखली म्हणायची. चुकीच्या रीतीने, पण राखली.

सकाळी त्याला म्हटलं, आता तूच कर. मी गिऱ्हाइकं बघेन, लेबलं बघेन. तो "बरं" म्हणाला. लगेच. एकदा तरी "नको" म्हणेल असं वाटलं होतं.

२६ सप्टेंबर
पलीकडच्या शेतावरचा मॅलकी डुकरांसाठी जवाचा चोथा न्यायला आला. ट्रॅक्टरवर चढता चढता म्हणाला, "ते हेदरचं आणखी आहे का गं?"

"कुठलं हेदरचं?"

"कोलमनने दिली ना तीन पिंपं. बिघडलीत म्हणाला, डुकरांना घाल. म्हटलं, घालायच्या आधी आपण बघू तरी. डुकरांना थेंब मिळाला नाही, बाई. भाचीचं लग्न त्याच्यावर पार पडलं. शेवटच्या पिंपावरून माझे दोन मेहुणे हातघाईवर आले."

मी चोथ्याचं पोतं धरून उभी. "वास कसला होता रे त्याला?"

त्याने टोपी मागे सारली. "कसं सांगू... ऑगस्टात डोंगरावर उताणं पडून राहावं ना, तसा."

मॅलकी कोणाला बरं वाटावं म्हणून बोलणारा नाही. गेल्या वर्षी माझ्या एका बिअरला तो भांडी धुतलेलं पाणी म्हणाला होता, माझ्या तोंडावर. माझ्या नाकाचंही त्याला काही माहीत नाही.

एप्रिलपासूनची बाकीची कुठे गेली, कोण जाणे.

२७ सप्टेंबर
न्याहारीला कोलमनला मॅलकीचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. तो पावाला लोणी लावत होता, लावतच राहिला. मग मान वर न करता म्हणाला, "भट्टी दोघांची, पण नऊ वर्षं सगळे तुझंच नाव घेत होते."

रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. पहिलं मनात आलं ते एवढंच — म्हणजे माझी बिअर चांगली होती.