आईचा मोठा आवाज

पियुष,

सावद्याच्या आपल्या मळ्यात तू बांधलेल्या खोल्यांची जाहिरात पाहिली. 'गावाकडची शांतता अनुभवा.' त्यासाठी आईला गप्प केलंस, हे मात्र त्यात लिहिलेलं नाही.

आईला ऐकू कमी येतं, म्हणून ती मोठ्याने बोलते. दिवाळीनंतर मी आले, तर ती ओसरीत तोंडाला पदर लावून बसलेली. काय झालं विचारलं, तर नुसतं खोल्यांकडे बोट दाखवलं. तू हसत म्हणालास, "ताई, लोक शांततेसाठी येतात. पाहुणे असेपर्यंत बोलू नको, असं सांगितलंय तिला."

पाहुणे तर रोजच असतात!

लहानपणी जेवणं झाली की केळीच्या सावलीत आई, तू आणि मी गप्प पडून राहायचो. तीही शांतताच होती. तिच्यासाठी कुणाचं तोंड बांधावं लागलं नव्हतं.

तुझं ते बोलणं ऐकून त्याच दुपारी मी तिला माझ्याकडे जामनेरला आणलं. तू गाडीपर्यंतही आला नाहीस. इथेही ती कुजबुजायची. दारात कुणी आलं की पदर तोंडावर. तुझा गळा धरावासा वाटायचा मला.

आज सकाळी शेजारची बकरी आमच्या मेथीत शिरली. आई अशी काही ओरडली, की गल्लीतली दारं उघडली. मला एकदम रडूच आलं.

तुला लिहितेय हे कळल्यावर म्हणाली, "त्याले काही पाठू नको. पोराले वाईट वाटीन." तेही ओरडूनच.

म्हणून पाठवत नाही. तिने तुला माफ केलं असेल. मी नाही.

कामिनी